पाव फेरा

पंखे आले नोव्हेंबरात, सोळा,
आणि ज्या भिंतीत ते बसायचे
ती भिंत अजून कागदावरच होती.
रुस्तावीत असंच चालतं: आधी वारा येतो,
मग विटा,
आणि सगळ्यांच्या मागून लंगडत पैसा.

बद्री म्हणाला, टाका कंप्रेसरच्या खोलीत, तिथे जागा आहे.
त्सिसाना गोदामाच्या दारात आडवी उभी राहिली.
"शेजारी रात्रंदिवस थरथरलं
तर बसल्या जागी खड्डे पडतात बेअरिंगला."
"पंख्याला काय कळतंय, बाई?"
"तुलाही उशिराच कळतं."

शेवटी तिच्याकडेच ठेवले.
फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच,
एकावर एक नाहीत,
वरून ताडपत्री, खालून मोकळी,
कारण गच्च गुंडाळलेलं आतल्या आत घामेजतं.

दर एक तारखेला ती हातमोजा काढायची,
उघड्या हाताने पातं धरायची
आणि पाव फेरा फिरवायची.
पूर्ण नाही.
पूर्ण फिरवलं की पंखा पुन्हा तिथेच,
तेच वजन त्याच गोळ्यांवर.
मग चौकटीवर खडूची एक रेघ,
वहीत एक खूण,
आणि पुढचा.
मी तेव्हा नवा, वायरी सोलणारा.
मला वाटे, बाई गोठ्यातल्या म्हशी थोपटतेय.

फेब्रुवारीत ती बहिणीकडे गेली, कुताइसीला.
जाताना वही माझ्या हातात दिली.
गोदामात पाणी गोठलं होतं,
लोखंड बोटांना चिकटत होतं.
मी शेगडीजवळ बसून
सोळा खुणा केल्या.

एप्रिलअखेर भिंत झाली.
भोकाचे दोन्ही कर्ण मोजले: चौदा मिलिमीटरचा फरक.
गवंडी म्हणाला, बोल्ट आवळा, बसेल चौकट.
बसली असती. पिळवटून बसली असती,
आणि पातं कड्याला घासलं असतं.
दोन दिवस छिन्नी चालली.
मग पातळ पट्टी घेऊन पात्याभोवती
वर, खाली, डावीकडे, उजवीकडे
फट तपासली, सोळा वेळा.
जाळी बसवल्याशिवाय शिडी हलवायची नाही
हे त्सिसानाने सांगितलं नव्हतं,
पण ती खाली उभी होती.

सुरू करायच्या दिवशी
स्विचला कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात.
बद्री घड्याळ बघत होता,
तिबिलिसीहून साहेब यायचे होते.
वाइंडिंगचा रोध घेतला, अर्थिंग बघितलं.
पात्यांच्या रेषेतून सगळ्यांना बाजूला काढलं.
कुलूप काढलं. एक सेकंद चालू, बंद.
नववा उलटा फिरला,
नदीवरची धूळ आत ओढू लागला.
पुन्हा कुलूप. दोन तारा अदलाबदल.
एवढ्यात काही बिघडत नाही.

अकराव्याला बोट लावलं होतं मी,
चौकट पुसताना, सकाळीच.
खडूच्या रेघा: डिसेंबर, जानेवारी,
मग एका रेघेची कोरी जागा,
मग मार्च, एप्रिल.
बाराव्यावर तसंच. पहिल्यावरही.
सोळाही चौकटींवर
तिने ती जागा मोजून सोडली होती
आणि मला मार्चात, नेहमीसारखा,
चहा दिला होता.

पंखे चालू झाले.
गरम भट्टीचा धूर वाकला, भिंतीकडे निघाला.
लोक टाळ्या वाजवत होते.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला टेकवलं, मूठ कानाला.
पहिला गुळगुळीत. दुसरा. तिसरा.
अकराव्यात काहीतरी होतं,
किंवा नव्हतं,
वाळूचा एखादा कण चावल्यासारखं.

अर्ध्या तासाने बोल्ट पुन्हा आवळायचे असतात.
तेव्हा ती आली, तळवा ठेवला अकराव्याच्या अंगावर,
बराच वेळ.
"चालेल," म्हणाली, "बघू किती."

ती आता बहिणीकडेच राहते.
दर एक तारखेला मी अकराव्याला कान लावतो.
वही माझ्याकडे आहे.
त्यात फेब्रुवारीच्या सोळा खुणा अजून आहेत,
खोडल्या नाहीत मी.